शेल, आर्ट
शेल, आर्ट : (२६ नोव्हेंबर १९४६ – ). अमेरिकन फुटबॉलमधील व्यावसायिक खेळाडू व प्रशिक्षक. ओकलंड रेडर्स या संघाचे (१९८२ ते १९९४ लॉस अँजेलिस रेडर्स) लेफ्ट टॅकल (आक्रमक फळीच्या डाव्या टोकाला प्रतिस्पर्ध्यांना अडवणारा खेळाडू) म्हणून १९६८ ते १९८२ असे पंधरा हंगाम खेळले आणि १९८९ मध्ये त्याच संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. नॅशनल फुटबॉल लीगमधील (एनएफएल) पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक अशी त्यांची ओळख बहुतेक ठिकाणी दिलेली असते. ‘आधुनिक काळातील’ हे विशेषण गाळले, तर ती चुकीची ठरते.

शेल यांचा जन्म साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन येथे झाला. भावंडांत ते थोरले. किशोरवयातच आई वारल्याने धाकट्यांची बरीच जबाबदारी त्यांच्यावर आली. शालेय शिक्षण नॉर्थ चार्ल्सटनच्या बाँड्स-विल्सन शाळेत आणि पुढचे मेरीलँड राज्यातील प्रिन्सेस ॲन या लहानशा गावच्या मेरीलँड स्टेट कॉलेजात (सध्याचे युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड ईस्टर्न शोअर) झाले. दक्षिणेकडील मोठ्या विद्यापीठांचे संघ त्या काळात कृष्णवर्णीयांना बहुतांशी बंदच होते. त्याचाच परिणाम म्हणून या छोट्या कॉलेजातून रॉजर ब्राउन, जॉनी सॅम्पल, इमर्सन बूझर असे नामांकित खेळाडू व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले. शेल तेथे आक्रमण व बचाव या दोन्ही फळ्यांत खेळत. १९६८ च्या खेळाडू-निवडीत रेडर्सनी त्यांना तिसऱ्या फेरीत, एकूण ८० व्या क्रमांकावर घेतले. पहिली दोन वर्षे किक व पंटच्या (चेंडू पायाने मारण्याच्या) वेळी उतरणाऱ्या विशेष चमूत गेली. १९७० पासून लेफ्ट टॅकलची जागा त्यांची झाली.

या जागेविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) उजव्या हाताने चेंडू फेकणारा असेल, तर फेकीच्या पवित्र्यात त्याची पाठ डावीकडे येते आणि तिकडून चालून येणारा प्रतिस्पर्धी त्याला दिसत नाही. ही न दिसणारी बाजू राखणारा तो लेफ्ट टॅकल, म्हणून या जागेचे मोल मोठे मानतात. लोकप्रिय लेखनात शेल यांचे वर्णन अनेकदा याच चौकटीत केले जाते. ते फारसे नेमके नाही. शेल ऐन भरात असताना, म्हणजे १९७३ ते १९७९ या काळात, रेडर्सचा क्वार्टरबॅक होता केन स्टेबलर, आणि तो डावखुरा होता. त्याची न दिसणारी बाजू उजवी. शेल त्याच्या डोळ्यांसमोर उभे असत. त्यामुळे शेल यांचे महत्त्व पाठराखणीपेक्षा चेंडू घेऊन धावणाऱ्याला वाट करून देण्यात अधिक शोधावे लागते. त्यांच्या शेजारी लेफ्ट गार्ड म्हणून जीन अपशॉ असे, आणि या जोडीच्या मागून डावीकडे धावणे हा रेडर्सचा ठरलेला डाव होता. तो येणार हे प्रतिस्पर्ध्यालाही ठाऊक असे. शेल यांची उंची ६ फूट ५ इंच. वजन कागदोपत्री २६५ पौंड. प्रत्यक्षात ते त्याहून बरेच जास्त असावे, असे समकालीनांच्या सांगण्यावरून दिसते.

दुसरी बाब नियमांची. १९७८ पर्यंत फेकीच्या वेळी अडवणाऱ्या लाइनमनला (आघाडीच्या रांगेतील खेळाडूला) हात लांबवून उघड्या पंजांनी ढकलण्याची मुभा नव्हती. कोपरे दुमडून, हात अंगालगत ठेवून, पायांच्या बळावर थोपवावे लागे. शेल यांची बहुतेक कारकीर्द या जुन्या पद्धतीत गेली. नंतरच्या टॅकलशी त्यांची सरळ तुलना करताना हे ध्यानात ठेवले पाहिजे.

९ जानेवारी १९७७ रोजी पॅसाडिनाच्या रोझ बोल मैदानावर झालेला अकरावा सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) हा त्यांच्या खेळाचा नमुना समजला जातो. रेडर्सनी मिनेसोटा व्हायकिंग्जना ३२–१४ असे हरवले. चेंडू घेऊन धावत त्यांनी २६६ यार्ड मिळवले आणि त्यांतले १३७ एकट्या क्लॅरेन्स डेव्हिसचे होते. शेल यांच्यासमोर व्हायकिंग्जचा अनुभवी जिम मार्शल होता. त्याच्या नावावर त्या दिवशी एकही टॅकल (चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडणे), त्यात साहाय्य वा सॅक (क्वार्टरबॅकला फेकीआधीच पाडणे) नाही, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. ही आकडेवारी सावधपणे घ्यावी. सॅकची वैयक्तिक नोंद लीगने अधिकृतपणे सुरू केली ती १९८२ मध्ये, आणि त्यापूर्वीचे आकडे चित्रफिती पाहून मागाहून काढलेले आहेत. तरी त्या सामन्यात मार्शल निष्प्रभ ठरला, याबद्दल दुमत नाही. शेल १९८१ च्या जानेवारीत पंधराव्या सुपर बोलच्या विजेत्या संघातही होते. एकूण २०७ नियमित सामने, त्यांत १९७९ च्या दुखापतीपर्यंत सलग १५६, आणि आठ वेळा प्रो बोलसाठी (लीगमधील निवडक खेळाडूंचा सामना) निवड, असा त्यांचा खेळाडू म्हणून लेखाजोखा आहे.

निवृत्तीनंतर १९८३ पासून ते रेडर्सच्या आक्रमक फळीतील लाइनमनचे प्रशिक्षक होते. १९८९ च्या हंगामात चारपैकी तीन सामने गमावल्यावर मालक अल डेव्हिस यांनी माइक शॅनाहन यांना काढले आणि ३ ऑक्टोबर रोजी शेल यांची नेमणूक केली. आपल्या निवडीचे ऐतिहासिक महत्त्व आपण जाणतो, पण निवड वर्णामुळे झालेली नाही, अशा आशयाची शेल यांची भूमिका होती. ९ ऑक्टोबरच्या पहिल्याच सामन्यात संघाने न्यूयॉर्क जेट्सना १४–७ असे हरवले.

‘पहिले’पणाचा वाद असा : फ्रिट्झ पोलार्ड हा कृष्णवर्णीय खेळाडू १९२१ मध्ये ॲक्रन प्रोज संघात खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी होता. ही लीग तेव्हा अमेरिकन प्रोफेशनल फुटबॉल असोसिएशन या नावाने चाले. एनएफएल हे नाव १९२२ चे. मुख्य प्रशिक्षकपद एल्जी टोबिन याच्याकडे होते की दोघांकडे मिळून, यावर मतभेद आहेत. बहुतेक संदर्भग्रंथ पोलार्डला सहप्रशिक्षक म्हणतात. मिलवॉकी व हॅमंड या संघांच्या प्रशिक्षकपदाचे श्रेयही काही याद्या त्याला देतात, काही देत नाहीत. येथे एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते : त्या काळी बाकावरून खेळाडूंना सूचना देण्यास बंदी होती आणि ती उठली १९४४ मध्ये. तोवर सामना मैदानातील खेळाडूच चालवत. त्यामुळे १९२१ चा प्रशिक्षक आणि १९८९ चा मुख्य प्रशिक्षक ही दोन वेगळी कामे होती. पोलार्डचा मान नाकारणारी जुनी विधाने आता टिकत नाहीत. २००५ मध्ये त्याला कँटन (ओहायो) येथील प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये (या खेळातील थोरांचे सन्मानस्थान) स्थान मिळाले. मधल्या काळात, १९३४ ते १९४५, लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूच नव्हते.

एनएफएलबाहेर पाहिले तर विली वुड यांनी १९७५ मध्ये वर्ल्ड फुटबॉल लीगच्या फिलाडेल्फिया बेलचे आणि पुढे कॅनडात टोरोंटो आर्गोनॉट्सचे प्रशिक्षकपद भूषविले होते. योगायोग असा, की शेल व वुड दोघांनाही हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश मिळाला तो एकाच वेळी, शेल यांच्या नेमणुकीपूर्वी जेमतेम दोन महिने, ऑगस्ट १९८९ मध्ये. एनएफएल या बाबतीत इतर खेळांच्या मागे होती, हे मात्र निर्विवाद : बास्केटबॉलमध्ये बिल रसेल १९६६ मध्ये, बेसबॉलमध्ये फ्रँक रॉबिन्सन १९७५ मध्ये ही पायरी चढले होते.

१९९० चा हंगाम शेल यांचा सर्वोत्तम. रेडर्सनी १२ सामने जिंकले, ४ गमावले आणि आपला गट जिंकला. बाद फेरीत सिनसिनाटीविरुद्ध विजय मिळाला, पण त्याच सामन्यात रेडर्सचा चेंडू घेऊन धावणारा खेळाडू बो जॅक्सन याच्या खुब्याला दुखापत होऊन त्याची फुटबॉल कारकीर्द संपली. पुढच्या आठवड्यात बफेलोने त्यांचा ५१–३ असा धुव्वा उडवला. मध्यंतरालाच फलक ४१–३ होता. १९९१ व १९९३ मध्येही संघ बाद फेरीत पोहोचला. १९९४ मध्ये ९ विजय व ७ पराभव असूनही शेल यांना काढण्यात आले. या पर्वात नियमित सामन्यांतील ५४ विजय व ३८ पराभव त्यांच्या नावावर आहेत. ही बडतर्फी चूक होती, असे डेव्हिस पुढे म्हणाले. त्यानंतर शेल कॅन्सस सिटी व अटलांटा येथे लाइनमनचे प्रशिक्षक होते. काही काळ लीगच्या कार्यालयातही त्यांनी काम केले.

फेब्रुवारी २००६ मध्ये डेव्हिस यांनी त्यांना पुन्हा बोलावले. आक्रमणाची सूत्रे शेल यांनी जुने सहकारी टॉम वॉल्श यांच्याकडे सोपवली. वॉल्श त्याआधी आयडाहोत अतिथीगृह चालवत होते, याची त्या वेळी बरीच चेष्टा झाली. त्यांचे डाव जुने झाले होते ही टीका अधिक महत्त्वाची आहे. नोव्हेंबरअखेर त्यांच्या जागी जॉन शूप आले. लाइनमनच्या प्रशिक्षणासाठी जॅकी स्लेटर होते, तेही हॉल ऑफ फेममधले टॅकल. एवढे असूनही त्या हंगामात रेडर्सच्या क्वार्टरबॅकना ७२ सॅक सोसावे लागले आणि १६ सामन्यांत संघाला केवळ १६८ गुण करता आले. विजय दोन, पराभव चौदा. ४ जानेवारी २००७ रोजी शेल यांना पदमुक्त करण्यात आले आणि त्यांच्या जागी ३१ वर्षांच्या लेन किफिनची नेमणूक झाली.