शेजार आहे, नातं नाही

'स्वीडिश आणि फिनिश म्हणजे मराठी-कोकणीसारख्या बहिणी. एक आली की दुसरी निम्मी समजते.' हा समज चुकीचा आहे.

स्वीडिश ही जर्मन-इंग्रजीच्या घराण्यातली, म्हणजे लांबून आपल्या मराठीचीही भाऊबंद. फिनिश मात्र उरालिक नावाच्या वेगळ्याच भाषाकुळातली. तिची जवळची बहीण एस्टोनियन, लांबची हंगेरियन. 'तीन'ला स्वीडिशमध्ये 'त्रे', फिनिशमध्ये 'कोल्मे'. फिनिशमध्ये लिंगभेद नाही. तो आणि ती, दोघांनाही 'हॅन'. विभक्ती मात्र पंधरा! 'तालो' म्हणजे घर, 'तालोस्सा' म्हणजे घरात. मराठी माणसाला हे ओळखीचं वाटेल, पण तेवढ्यानं सोयरीक जुळत नाही. 'घरात'साठी स्वीडिशमध्ये 'ई हूसेत', म्हणजे 'आत' सांगणारा 'ई' आधी आणि घर नंतर.

गैरसमजाचं मूळ इतिहासात आहे. फिनलंड 1809 पर्यंत स्वीडनच्या राज्यात होता. आजही तिथे दोन्ही भाषा राष्ट्रभाषा आहेत, रस्त्यांच्या पाट्या अनेक गावांत दुभाषी असतात, आणि फिनिशमध्ये स्वीडिशमधून उसने घेतलेले शब्द ढिगानं सापडतात. पण उसनवारी म्हणजे रक्ताचं नातं नव्हे. फिनिशमध्ये शंभराला 'साता' म्हणतात. हा आपल्या 'शत'चाच भाईबंद, हजारो वर्षांपूर्वी इंडो-इराणी भाषिकांकडून घेतलेला. म्हणून काही फिनिश संस्कृतोद्भव ठरत नाही!