थिन-फॅट देहयष्टी

हातपाय बारीक, दंड सडसडीत, वजन बेताचे, पण पोटाभोवती आणि पाठीवर चरबी साठलेली, अशा शरीराच्या ठेवणीला वैद्यकात ‘थिन-फॅट’ म्हणतात. ती आपल्याकडे इतकी सर्रास दिसते की तिला वेगळे नाव द्यावे असे कोणाला वाटले नाही. ‘अंगाने बारीकच आहे, जरा पोट सुटलंय’ एवढ्यावर विषय मिटतो. बैठे काम, गोडधोड आणि चाळिशी या तिन्हींमुळे असे होते, हा समज बराच काळ डॉक्टरांचाही होता. ही ठेवण जन्माच्या वेळीच तयार असते, हे पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत मोजलेल्या तान्ह्या बाळांनी दाखवले. माणसाचे शरीर रक्तातून किती येते आणि परिस्थितीतून किती घडते, या जुन्या वादात म्हणूनच या बाळांना मोलाचे स्थान आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःच्याच शरीरांची तुलना छापली. उंची-वजनाच्या गुणोत्तरावरून काढलेला बीएमआय दोघांचाही 22.3, म्हणजे कागदावर दोघे सारखेच. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के भरली आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे उदाहरण ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणून ओळखले जाते. फरक पडतो तो स्नायूंमुळे. जेवणानंतर रक्तात उतरलेली साखर मुख्यतः स्नायू शोषून घेतात. स्नायू कमी आणि पोटातली चरबी जास्त असली की तेवढेच काम उरकायला इन्सुलिन अधिक लागते आणि स्वादुपिंडावरचा ताण वर्षानुवर्षे साठत जातो.

खेड्यांतल्या त्या बाळांचा मूळ अभ्यास 1993 मध्ये सुरू झाला. पुण्याजवळची, पावसाच्या भरवशावर शेती करणारी 6 गावे निवडली होती. गरोदरपणाचे अगदी सुरुवातीचे आठवडे हातून निसटू नयेत म्हणून लग्न झालेल्या बायकांच्या पाळीच्या तारखा दर महिन्याला घरोघरी जाऊन नोंदवल्या जात. या बायका बांध्याने लहान होत्या आणि गरोदरपणाआधीचा त्यांचा सरासरी बीएमआय जेमतेम 18 होता. बाळ जन्मले की तीन दिवसांच्या आत त्याचे वजन, लांबी, डोक्याचा, दंडाचा आणि पोटाचा घेर घेतला जाई. मग कॅलिपर नावाच्या चिमट्याने पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली, कातडीची घडी धरून तिची जाडी मोजली जाई. ती घडी म्हणजे कातडीखालच्या चरबीचा अंदाज. साऱ्या शोधाचे मर्म याच एका मापात निघाले.

2003 मध्ये पूर्ण दिवस भरलेल्या 631 बाळांची इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या 338 बाळांशी तुलना प्रसिद्ध झाली. इथल्या बाळांचे सरासरी वजन 2.7 किग्रॅ., तिथल्यांचे 3.5 किग्रॅ. बाळ सगळ्या अंगांनी सारखेच लहान असते, तर ती नुसती छोटी प्रतिकृती ठरली असती. तसे नव्हते. तिथल्या सरासरीशी प्रमाण विचलनाच्या, म्हणजे मापे सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात त्याच्या, एककात ताडून पाहता पोटाचा घेर 2.38 ने कमी होता, दंडाचा 1.82 ने, वजन 1.74 ने, लांबी 1.01 ने. पाठीवरची चरबीची घडी मात्र फक्त 0.53 ने. यकृत आणि स्नायू यांच्या वाट्याला कात्री लागली होती आणि चरबी बरीचशी वाचली होती. पुण्यातल्याच दुसऱ्या एका तुलनेत नाळेतल्या रक्तातही, वजनाच्या मानाने, इन्सुलिनचे प्रमाण गोऱ्या बाळांपेक्षा जास्त आढळले. ज्या बाळाला पाहून सुईण ‘बारीक आहे हो’ म्हणते, त्याच्या अंगात मधुमेहाची वाट पहिल्याच दिवशी आखलेली असू शकते.

गर्भाला कमी मिळू लागले की तो हात राखून वाढतो. मेंदूला आधी पुरवठा होतो, स्नायू आणि पोटातले अवयव मागे राहतात. स्नायूंच्या पेशींची संख्या बहुतांशी जन्माआधीच ठरून जाते, त्यामुळे ही काटकसर पुढे भरून निघत नाही. इंग्लंडमधले डॉ. डेव्हिड बार्कर यांनी हार्टफर्डशरमधल्या आरोग्यसेविकांच्या जुन्या वह्यांतून कमी वजनाचे जन्म आणि पुढचा हृदयविकार यांचा संबंध 1989 मध्ये दाखवला होता. सर्वांत बोलका पुरावा नेदरलँड्सचा आहे. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न अडवले आणि पश्चिम भागातल्या लोकांचा दिवसाचा शिधा 1000 कॅलरींच्याही खाली गेला. मे 1945 मध्ये देश मुक्त झाल्यावर अन्न पुन्हा मुबलक झाले. त्या काही महिन्यांत पोटात असलेल्या बाळांत पुढे मोठेपणी साखर पचवण्यात बिघाड आढळला. त्या उपासमारीतच गर्भ राहिलेल्यांच्या जनुकांवरच्या, त्यांचे काम कमी-जास्त करणाऱ्या रासायनिक खुणा त्यांच्याच भावंडांपेक्षा वेगळ्या असल्याचे 2008 मध्ये, म्हणजे साठ वर्षांनंतर, दिसून आले. आईबाप तेच, घर तेच, जनुकांचा वारसाही त्याच आईबापांकडून. वेगळे होते ते पोटातले काही आठवडे.

म्हणून सगळे परिस्थितीवर ढकलता येईल, असे मात्र नाही. 1873 पासून वेठबिगार करारावर सुरिनामला नेलेल्या भारतीयांच्या चौथ्या-पाचव्या पिढीतली बाळेही थिन-फॅट निघाली. देश बदलला, माती बदलली, आहार बदलला, तरी ठेवण टिकली. दक्षिण आशियातल्या प्राचीन सांगाड्यांच्या 2019 मधल्या अभ्यासातही कमी स्नायुभाराची खूण सुमारे 11,000 वर्षांपर्यंत मागे जाते. तेव्हा दोष एका ब्रिटिश काळातल्या दुष्काळाला देऊन मोकळे होता येत नाही. वारसा खरा आहे. पण आईची उंची, आजीची उपासमार आणि गर्भाशयाचे आकारमान हाही वारसाच आहे, आणि तो जनुकांतून येत नाही. आनुवंशिकता आणि परिस्थिती अशी दोन खाती पाडायची सवय इथे उपयोगी पडत नाही, कारण पहिली परिस्थिती म्हणजे आईचे शरीर आणि ते आईच्या आईच्या पोटात घडलेले असते.

पुण्याच्या अभ्यासाने आहाराबाबत एक अनपेक्षित गोष्ट पुढे आणली. गरोदर बाईने एकूण किती कॅलरी खाल्ल्या यावर बाळाचा आकार ठरला नाही. ज्यांच्या जेवणात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे मोठी होती. शेतातले आणि घरातले कष्ट, त्यात पाणी वाहून आणणेही आले, जास्त असलेल्या बायकांची बाळे लहान होती. भाकरी पोटभर खाऊनही बाळ लहान राहू शकते, हे ‘दोन जिवांचं खा’ असा आग्रह करणाऱ्या घरात समजावून सांगावे लागते.

त्याहून गंभीर ठरली ती ब 12 जीवनसत्त्वाची उणीव. दोनतृतीयांश आयांच्या रक्तात ते कमी होते. फोलेट (हेही ब गटातले जीवनसत्त्व, गोळीतले फॉलिक आम्ल हे त्याचेच रूप) मात्र केवळ एकीच्याच रक्तात कमी निघाले. ब 12 फक्त सूक्ष्म जीव तयार करतात आणि ते आपल्याला दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. शाकाहारी घरात दूध चहापुरतेच असेल, तर बाकीचे ताट कितीही चांगले असो, ही भर पडत नाही. फोलेट आणि ब 12 जोडीने काम करतात. जनुकांवर त्या रासायनिक खुणा उमटवण्यासाठी लागणारा माल ही जोडी पुरवते. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्यांच्या आयांच्या रक्तात फोलेट भरपूर पण ब 12 कमी होते, त्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला शरीर दाद न देण्याचे प्रमाण सर्वाधिक होते. गरोदरपणी लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या देणाऱ्या देशाने ही गोष्ट फार पूर्वीच मनावर घ्यायला हवी होती, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

हीच मुले 18 वर्षांची झाली तेव्हा ती सडपातळच होती, जवळजवळ निम्म्यांचा बीएमआय तर 18.5 पेक्षाही कमी. तरीही मुलग्यांपैकी 37 टक्के आणि मुलींपैकी 18 टक्के जणांच्या रक्तातली साखर मधुमेहपूर्व पातळीला पोचली होती. याच कारणाने आशियाई लोकांसाठी वजनाच्या मर्यादा खाली आणल्या गेल्या: भारतात 23 च्या पुढचा बीएमआय जादा वजनाचा आणि 25 च्या पुढचा लठ्ठपणाचा मानतात. कमरेचा घेर पुरुषांसाठी 90 सेंमी., स्त्रियांसाठी 80 सेंमी. ही मर्यादा आहे. नुसता वजनकाटा आपल्या लोकांना फसवतो, त्यामुळे कमरेला लावलेली टेप अधिक खरे बोलते.

उपायाचा विचार याच गावांत पुढे गेला. बाईला दिवस गेल्याचे कळेपर्यंत महत्त्वाचे आठवडे उलटून गेलेले असतात, म्हणून 2012 पासून त्याच पिढीतल्या वयात आलेल्या मुलामुलींना लग्नाच्या आधीपासून ब 12 च्या गोळ्या देण्याची चाचणी झाली. मात्रा होती रोज 2 मायक्रोग्रॅम, म्हणजे आहारातूनही मिळू शकेल इतकीच. काहींना त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकद्रव्येही दिली. यथावकाश यातल्या मुलींची लग्ने झाली, त्यांना मुले झाली. 1993 नंतर जिच्या पाठीवरची घडी चिमट्यात धरली होती, तिच्याच बाळाची मापे मग घेतली गेली.