दहावीपर्यंत गणवेश, अकरावीला रंगीत कपडे: असं का?

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रात गणवेश धाकट्या भावंडाकडे जातो, नाहीतर फडक्यांत. अकरावीचा मुलगा जीन्स घालून वर्गात बसतो. सीबीएसई शाळेतला किंवा गोव्यातल्या हायर सेकंडरीतला त्याच वयाचा मुलगा मात्र बहुधा गणवेशात असतो. आपल्याकडे शिस्त ढिली म्हणून हे झालेलं नाही. अकरावीचा वर्ग कुठे भरला, एवढाच प्रश्न आहे.

पूर्वी एसएससी अकरावीला होती, त्यामुळे मॅट्रिकचा मुलगा अखेरपर्यंत शाळेचाच. कोठारी आयोगाने (1964-66) 10+2+3 (दहावीपर्यंत शाळा, मग अकरावी-बारावी, मग तीन वर्षांची पदवी) सुचवलं आणि महाराष्ट्रात नव्या दहावीची पहिली परीक्षा 1975 ला, बारावीची 1977 ला झाली. मधल्या दोन वर्षांना जागा हवी होती. प्रयोगशाळा होत्या कॉलेजांत, म्हणून असंख्य ठिकाणी हे वर्ग तिथेच गेले आणि 'कनिष्ठ महाविद्यालय' झाले. पाटीवर महाविद्यालय आलं आणि गणवेश गेला. शाळेला जोडलेल्या अकरावी-बारावीत तो पुष्कळ ठिकाणी टिकला, कारण फाटक एक आणि प्रार्थनाही एकच.

शाळेतही वरच्या वर्गांचा पोशाख वेगळाच. आठवी-नववीच्या सुमारास मुलांची हाफपँट सुटून फुलपँट येते, मुलींचा फ्रॉक किंवा स्कर्ट जाऊन पंजाबी ड्रेस. ओढणीची घडी घालून दोन्ही खांद्यांवर पिना लावायच्या, हा नियम बहुतेक ठिकाणी लेखी नसतो, तरी बाई तोच सगळ्यांत आधी बघतात. टेरिकॉट (पॉलिस्टर-सुताचं मिश्र कापड) आलं तेव्हा इस्त्रीचा त्रास कमी झाला. पण ते घाम फारसा शोषत नाही, आणि मार्च-एप्रिलच्या उकाड्यात गळ्याचं वरचं बटण उघडं राहण्याचं खरं कारण बंडखोरी नसून तेच असतं. या वयात उंची भराभर वाढते. म्हणून जाणता शिंपी पँटीला खाली दोनेक इंच दुमड ठेवतो. तयार गणवेशात ती नसते, आणि दिवाळीनंतर घोटे उघडे पडतात. मग 'पँट आखूड' म्हणून वहीत शेरा!

सरकारी मदतही आठवीवरच थांबते. समग्र शिक्षा अभियानात सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांतल्या मुलांना दोन गणवेशांसाठी वर्षाला 600 रुपये धरले जातात. 2024-25 ला राज्याने 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून कापड एकत्र घेऊन बचत गटांकडून शिवून घेतलं. गणवेश उशिरा पोचले, मापं चुकली, आणि पुढच्या वर्षासाठी अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले गेले. नववीच्या पालकाला यातलं काहीच नाही, सगळा खर्च खिशातून.

वागणुकीच्या नियमांतही हीच फट आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी घातली, पण तो कायदा 6 ते 14 वयाचा. याचा अर्थ नववीच्या मुलाला छडी चालते असा मुळीच नव्हे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2000 मध्येच छडीची परवानगी देणारे तिथले नियम रद्द केले होते. वर्गाबाहेर उभं करणं, केस तिथल्या तिथे कापणं, हे प्रकार मात्र 'शिस्त' या नावाखाली चालू राहिले. वागणुकीवरून थेट काढून टाकण्याला मर्यादा घातली ती 1986 च्या बिजो इमॅन्युएल निकालाने. केरळातली तीन भावंडं धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीत म्हणत नसत, पण आदराने उभी राहत. त्यांना पुन्हा शाळेत घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

कपड्यांवरचा मोठा खटलाही नेमका 'प्लस टू'च्या पायरीवर उभा राहिला. उडुपीच्या पीयू (प्री-युनिव्हर्सिटी, म्हणजे अकरावी-बारावीच्या) कॉलेजातल्या हिजाबचा वाद, ठरलेला गणवेशच घालायला लावणारा 5 फेब्रुवारी 2022 चा कर्नाटक सरकारचा आदेश, 15 मार्चला तो उचलून धरणारा उच्च न्यायालयाचा निकाल, आणि 13 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं परस्परविरुद्ध मत. प्रकरण मोठ्या पीठाकडे गेलं. मुंबईत चेंबूरच्या एका महाविद्यालयाच्या पोशाख-सूचनेवर 2024 मध्ये असंच झालं: जूनमध्ये उच्च न्यायालयाने विद्यार्थिनींची याचिका फेटाळली, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बॅजवरच्या बंदीला स्थगिती दिली.

राष्ट्रीय शिक्षण धोरणात (2020) नववी ते बारावी हा आता एकच टप्पा आहे. तो कागदावर. अकरावीचे वर्ग अजून 1975 नंतर गेले त्याच इमारतींत भरतात, आणि गणवेश कुठे सुटतो ते अजूनही फाटकच ठरवतं.