चालू टीव्ही थांबवायची युक्ती आणि तिच्यावरून सात वर्षं चाललेली पेटंटची लढाई

मॅच लाइव्ह चालू असताना पॉज करायचं, चहा घेऊन यायचं, दोन ओव्हर मागे जाऊन बघायचं आणि मग फॉरवर्ड करत परत लाइव्हला येऊन मिळायचं, यात आता कुणाला काही विशेष वाटत नाही. पण १९९९ साली अमेरिकेत टिव्हो नावाच्या कंपनीचा टीव्हीला जोडायचा, आत हार्ड डिस्क असलेला डबा बाजारात आला तेव्हा लोक खरंच चकित झाले होते. याच सोयीवरून पुढे टिव्हो आणि एकोस्टार यांच्यात २००४ ते २०११ असा खटला चालला. एकोस्टार म्हणजे अमेरिकेतली डिश नेटवर्क ही सॅटेलाइट टीव्ही सेवा चालवणारी कंपनी, आपल्याकडच्या डिश टीव्हीशी तिचा काहीही संबंध नाही. या खटल्याबद्दल नेहमी असं सांगितलं जातं की टिव्होने पॉज बटणाचंच पेटंट घेतलं होतं. ते साफ चुकीचं आहे, आणि नेमकं पेटंट कशाचं होतं हे समजल्याशिवाय हे भांडण कळतच नाही.

तर आधी तंत्र बघू. व्हीसीआरची अडचण अशी की टेपवर एका वेळी एकच काम होतं, रेकॉर्ड तरी करा नाहीतर प्ले तरी करा. हार्ड डिस्कचं तसं नाही, तिचं हेड इतक्या झपाट्याने इकडून तिकडे जातं की थोडं लिहायचं, थोडं वाचायचं, परत लिहायचं असं करत दोन्ही कामं बघणाऱ्याला एकदमच चालल्यासारखी वाटतात. म्हणजे कल्पना सोपी होती. पण घरात ठेवायचा डबा स्वस्त हवा, म्हणजे आत प्रोसेसर साधाच असणार, आणि व्हिडिओचा डेटा तर सेकंदाला लाखो बिट्सच्या हिशोबाने येत राहतो, तो सगळा त्या प्रोसेसरने स्वतः हाताळायचा म्हटलं तर तो गुदमरणारच.

त्यात एमपीईजीची, म्हणजे डिजिटल व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीची, भानगड वेगळी. डिजिटल व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण पाठवत नाहीत. मधूनमधून, साधारण अर्ध्या सेकंदाला एक, अशी आय फ्रेम येते, तिच्यात अख्खं चित्र असतं आणि तिच्या अधेमधे ज्या पी आणि बी फ्रेम येतात त्यांच्यात फक्त काय बदललं तेवढंच असतं. त्यामुळे फॉरवर्ड करताना कुठेही उडी मारून चालत नाही, मधल्याच एखाद्या पी फ्रेमवर पडलात तर चित्र उघडणारच नाही, त्यासाठी आय फ्रेमवरच उतरावं लागतं. आणि ती डिस्कवर नक्की कुठे पडली आहे हे कसं कळणार? एमपीईजीमध्ये प्रत्येक मोठ्या तुकड्याच्या सुरुवातीला एक खूण असते, स्टार्ट कोड म्हणतात तिला, दोन बाइट शून्य आणि तिसरा एक, आणि पुढच्या बाइटमध्ये हे काय चालू होतंय ते सांगितलेलं असतं. ही खूण चुकूनसुद्धा मधल्या डेटात येऊ नये अशीच एमपीईजीची रचना केलेली आहे.

टिव्होच्या जिम बार्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काय केलं, तर मीडिया स्विच नावाचा वेगळा भाग बनवला. डेटा आत येतानाच हा भाग स्टार्ट कोड ओळखतो, ऑडिओ आणि व्हिडिओ वेगळे करतो, ते थेट मेमरीत टाकतो, आणि प्रोसेसरला फक्त एवढंच कळवतो की अमुक ठिकाणी आय फ्रेम सुरू झाली. त्यातून पुस्तकाच्या मागे सूची असते तशी एक यादी तयार होत जाते, आणि फॉरवर्ड दाबलं की यादीत बघून नेमकी उडी. प्रोसेसर व्हिडिओच्या डेटाला हातच लावत नाही. शिवाय सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी असं केलं की रिकामा बफर (डेटा तात्पुरता ठेवायची मेमरीतली जागा) मिळेपर्यंत डेटा देणारा भाग थांबेल आणि भरलेला बफर मिळेपर्यंत घेणारा थांबेल, म्हणजे डिस्क जरा मागे पडली तरी प्रवाह आपोआप सांभाळला जातो. अर्ज ३० जुलै १९९८ चा, पेटंट मिळालं मे २००१ मध्ये, नंबर ६२३३३८९. मला स्वतःला हे काम मनापासून आवडतं, कारण ताकदवान मशीन घेऊन कुणीही करेल, पण साध्या चिपवर हे बसवणं ही खरी इंजिनिअरिंग आहे.

सॅटेलाइट कंपन्यांसाठी तर ही सोय आणखीच सोपी होती, कारण त्यांचा सिग्नल मुळातच डिजिटल येतो, घरात वेगळा एन्कोड करायची गरज नाही, आलेला प्रवाह सरळ डिस्कवर टाकला की झालं. टिव्होने डायरेक्टीव्ही या अमेरिकेतल्याच दुसऱ्या सॅटेलाइट कंपनीबरोबर हातमिळवणी केली होती. एकोस्टारने मात्र स्वतःचे डबे बनवले, आणि जानेवारी २००४ मध्ये टिव्होने टेक्सासच्या फेडरल कोर्टात केस टाकली. एप्रिल २००६ मध्ये ज्युरीने टिव्होच्या बाजूने निकाल दिला, उल्लंघन जाणूनबुजून केलंय असंही म्हटलं आणि सुमारे ७.४ कोटी डॉलर भरपाई ठरवली.

खरी मजा पुढे आहे. जज डेव्हिड फोल्सम यांनी ऑगस्ट २००६ मध्ये मनाई हुकूम काढला, त्यात दोन भाग होते. पहिला, हे डबे बनवू आणि विकू नका. दुसरा, ग्राहकांच्या घरात आधीच बसवलेल्या ठरावीक मॉडेल्समधली रेकॉर्डिंगची सोय ३० दिवसांत बंद करा, फक्त १,९२,७०८ डबे सोडून. अपील चालू असताना हुकुमाला स्टे मिळाला. जानेवारी २००८ मध्ये अपील कोर्टाने पेटंटमधल्या हार्डवेअरवरच्या दाव्यांचा (दावे म्हणजे पेटंटने नेमकं कशावर हक्क सांगितलाय ती कलमं) निकाल फिरवला, कारण पेटंटमध्ये ऑडिओ आणि व्हिडिओ परत एकाच प्रवाहात जोडायचं लिहिलं होतं आणि एकोस्टारचे डबे ते दोन्ही वेगळेच ठेवत होते. पण सॉफ्टवेअरचे दावे टिकले, भरपाईही टिकली आणि व्याज धरून एकोस्टारने सुमारे १०.५ कोटी डॉलर भरले.

मधल्या काळात एकोस्टारच्या इंजिनिअर लोकांनी सॉफ्टवेअर बदललं होतं. सुमारे ८,००० तासांचं काम, आणि नवीन सॉफ्टवेअर सॅटेलाइटवरूनच घरोघरच्या डब्यांत उतरवलं. त्यांनी स्टार्ट कोड ओळखणंच काढून टाकलं! यादीच नाही. मग फॉरवर्ड कसं होणार, तर सरासरीवरून अंदाज बांधायचा की इतके सेकंद पुढे म्हणजे डिस्कवर साधारण एवढं अंतर, तिथे जायचं आणि आसपास शोधत बसायचं फ्रेम सापडेपर्यंत. बफरची रचनाही बदलली, गोल फिरणारे दहा बफर केले. ग्राहकाला फारसा फरक कळला नाही.

टिव्हो म्हणाली हे वरवरचं आहे. आता तिचा मुद्दाही बदलला होता. आधी खटल्यात तिचं म्हणणं होतं की स्टार्ट कोड शोधणं म्हणजेच पेटंटच्या दाव्यात लिहिलेली डेटाची छाननी, आता ती म्हणू लागली की पीआयडी फिल्टर ही छाननीच आहे. सॅटेलाइटच्या एकाच प्रवाहात बऱ्याच चॅनलची १८८ बाइटची पाकिटं एकत्र येतात आणि प्रत्येकावर नंबर असतो, त्या नंबरावरून आपल्या चॅनलची पाकिटं वेचणं म्हणजे पीआयडी फिल्टर. हे तर कुठल्याही सेट टॉप बॉक्सला करावंच लागतं, रेकॉर्डिंग असो वा नसो. फोल्सम यांनी तरीही जून २००९ मध्ये कोर्टाचा अवमान झाला असं ठरवलं आणि दंडाचे आकडे कोटींच्या कोटींत गेले.

शेवटी २० एप्रिल २०११ ला वॉशिंग्टनच्या फेडरल सर्किट अपील कोर्टाने पूर्ण पीठ बसवून निकाल दिला, आणि तो मला फार विचारपूर्वक दिलेला वाटतो. पहिल्या भागावर त्यांनी सांगितलं की खटल्यात उल्लंघन ज्या भागामुळे सिद्ध झालं तोच भाग बदललाय का आणि बदल नावापुरता आहे की खरा आहे ते तपासा, आणि केस पुन्हा खालच्या कोर्टाकडे पाठवली. पेटंट टाळून वेगळा मार्ग काढणं हा गुन्हा नाही, उलट त्यातूनच नवीन तंत्र निघतं, हे त्यामागचं तत्त्व. पण दुसऱ्या भागावर, ७ विरुद्ध ५ मतांनी, एकोस्टार दोषीच ठरली. घरातल्या डब्यांतली सोय बंद करा असा हुकूम होता, सॉफ्टवेअर बदला असा नव्हता, आणि हुकूम जास्तच व्यापक वाटत होता तर अपिलात तेव्हाच सांगायचं होतं, मनानेच अर्थ लावून डबे चालू ठेवता येत नाहीत. इतकी मेहनत केलेल्या इंजिनिअर लोकांचं काम कोर्टाला न विचारण्यामुळे वाया गेलं, याचं मला वाईट वाटतं.

बारा दिवसांत, २ मे ला, तडजोड झाली. ५० कोटी डॉलर, त्यातले ३० लगेच आणि बाकीचे २० सहा वार्षिक हप्त्यांत. मग बाकीच्यांनीही फार ताणलं नाही, २०१२ मध्ये एटी अँड टीने २१.५ कोटी आणि व्हेरायझनने सुमारे २५ कोटी मान्य केले, २०१३ मध्ये सिस्को, गूगलची मोटोरोला वगैरेंनी मिळून ४९ कोटी.

भारतात या पेटंटचा जोर चालत नव्हता, कारण अमेरिकेचं पेटंट अमेरिकेपुरतंच असतं. शिवाय आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३ (के) नुसार नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही. एकोस्टारविरुद्ध शेवटी टिकले ते सॉफ्टवेअरचेच दावे होते, त्यामुळे आपल्याकडे अशी केस उभी राहिली असती तर आधी त्यावरच बराच वाद झाला असता असं मला वाटतं.

मूळ पेटंट ३० जुलै २०१८ ला संपलं. आता ती रचना कुणीही वापरू शकतं, आणि आकृत्यांसकट पूर्ण मजकूर ऑनलाइन फुकट वाचता येतो. एम्बेडेड सिस्टिम शिकणाऱ्यांनी त्यातला मीडिया स्विचचा भाग जरूर वाचावा, बफर कसे फिरतात आणि प्रोसेसरला कधी जागं करायचं हे त्यात फार छान मांडलंय.