शुगरचा सेन्सर पोटावरून दंडावर कसा आला

हल्ली कुणाच्या दंडावर मागच्या बाजूला गोल पांढरा पॅच दिसला की लगेच कळतं, शुगरचा सेन्सर आहे. पण आधी तो पोटावर असायचा. १९९९ मध्ये अमेरिकेत मिनीमेड कंपनीच्या पहिल्या सीजीएमला, म्हणजे सतत शुगर मोजणाऱ्या यंत्राला, मंजुरी मिळाली तेव्हा सेन्सर पोटाच्या कातडीखाली, वायर कमरेच्या मॉनिटरला, आणि पेशंटला स्वतःला आकडा दिसायचाच नाही, तीन दिवसांनी डॉक्टर डेटा उतरवून बघणार! पोट तसं सोयीचंच, चरबी असते, दिसतं, आणि इन्सुलिन तिथेच घ्यायची सवय.

२००१ मध्ये ग्लुकोवॉच आलं, ते मनगटावर. कातडीतून हलका करंट देऊन द्रव ओढायचं, त्यामुळे खाली लाल व्हायचं, खाज सुटायची, आणि घाम आला की रीडिंग गाळायचं. फार टिकलं नाही.

मोजायचं कुठे हा घोळ खरं तर साध्या मीटरमध्येही होता. बोट दुखतं म्हणून कोपराखाली टोचायचे मीटर आले, लोक खूश, पण २००१ मध्येच जर्मन संशोधकांनी दाखवलं की शुगर झपाट्याने बदलत असेल तर हातावरचा आकडा बोटाच्या अर्धा तास मागे राहू शकतो. म्हणजे शुगर उतरत असताना मीटर म्हणणार सगळं ठीक. सेन्सर तर रक्त मोजतच नाही, पेशींमधल्या पाण्यातलं ग्लुकोज मोजतो, त्यामुळे काही मिनिटांचा उशीर त्याच्यात आहेच.

खरी कलाटणी २०१४ मध्ये, युरोपात अ‍ॅबट कंपनीचा लिब्रे हा सेन्सर आला तेव्हा. १४ दिवस चालणारा, दंडावर लावायचा, आणि कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा रक्ताच्या शुगरशी जुळवून घेणं, कारखान्यातच झालेलं. आधीच्या सेन्सरला रोज बोट टोचून आकडा भरून द्यावा लागायचा त्यामुळे जागेची थोडीफार चूक तिथे सावरली जायची, लिब्रेत ती सोयच नाही, दंडासाठी बसवलेलं गणित तुम्ही पोटावर लावलं तर तो दंड समजूनच आकडा देणार.

तरी लोक लपवायला म्हणून पोटावर, मांडीवर लावायचेच. मग बेल्जियममध्ये टाइप १ डायबेटीसच्या पेशंटवर तिन्ही जागा तपासल्या, निकाल २०१८ मध्ये छापून आला. सरासरी चूक दंडावर ११.८ टक्के, मांडीवर १२.३, पोटावर १८.५. मांडी जवळपास बरोबरीला आली पण पोट पार मागे. खरी शुगर १०० असताना १८ इकडेतिकडे म्हणजे ८२ किंवा ११८, आणि ही सरासरी झाली हो, एखादं रीडिंग याहून लांब जाणारच. अर्थात हा निकाल लिब्रेचा, तो दुसऱ्या कंपनीच्या सेन्सरला जसाच्या तसा लावू नका. डेक्सकॉम कंपनीच्या सेन्सरला २०१४ मध्ये अमेरिकेत लहान मुलांसाठी मंजुरी मिळाली तेव्हा पोटाबरोबर नितंबाचा वरचा भागही चालेल असं ठरलं, चिमुरड्यांच्या पोटावर जागा असते कुठे?

दंडाचाही एक त्रास आहे. त्याच कुशीवर झोपलात तर सेन्सर दाबला जातो, आकडा खोटाच खाली येतो आणि मध्यरात्री लो शुगरचा अलार्म! कूस बदलली की थोड्या वेळात आकडा आपोआप वर. पण तेवढ्यावर विसंबू नका, खरंच लो असू शकते, उठून बोट टोचून बघा. आणि पॅच शक्यतो ज्या कुशीवर झोपत नाही त्या दंडावर लावा.