पोरांचा खेळ, मोठ्यांचं टेबल

ट्रेडिंग कार्ड गेम, म्हणजे बंद पाकिटांतून मिळणारी कार्डं जमवून आणि बदलून खेळायचे खेळ. ते खेळणाऱ्यांमध्ये एक वाद अधूनमधून नव्याने पेटतो: सात-आठ वर्षांच्या मुलांना आपल्यात घ्यावं का? घ्यावं म्हणणारे खेळाच्या भविष्याबद्दल बोलतात. नको म्हणणारे गोंगाट, रडारड आणि रखडलेल्या फेऱ्यांची आठवण करून देतात. दोन्ही बाजू एक गोष्ट मात्र न बोलता धरून चालतात. टेबल मुळात मोठ्यांचं आहे आणि मुलं बाहेरून येताहेत, ही ती गोष्ट. मागे जाऊन पाहिलं तर ते तितकंसं खरं नाही.

पाकिटातून निघणारं कार्ड ही मूळची सिगारेट कंपन्यांची युक्ती. पाकीट ताठ राहावं म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालायचे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत त्यावर चित्रं छापली जाऊ लागली. तंबाखू ओढणार मोठे, चित्रं जाणार मुलांच्या खिशात. अमेरिकन टोबॅको कंपनीने 1909 ते 1911 या काळात बेसबॉलपटूंची कार्डं काढली, तेव्हा होनस वॅग्नर या खेळाडूने आपलं कार्ड थांबवायला लावलं. कार्डासाठी मुलांनी तंबाखू घेऊ नये म्हणून त्याने असं केलं, ही सर्वांत लाडकी कथा. मोबदल्यावरून बिनसलं, असंही काही जण म्हणतात. खरं कारण काहीही असो, छापील कार्डामुळे मुलं बिघडतील ही काळजी निदान त्या कथेइतकी जुनी आहे. पुढे 1930 च्या दशकात च्युइंग गमवाल्यांनी ही कार्डं उचलली आणि 1950 च्या दशकात टॉप्स कंपनीने त्यांचा मोठा धंदा केला. आता गिऱ्हाईकही मूलच झालं. आत काय निघेल ते न कळता बंद पाकीट घेणं, दुप्पट आलेलं मित्राला देऊन हवं ते मिळवणं, हा सगळा व्यवहार मुलांनी दोन-तीन पिढ्या घोटून ठेवलेला होता.

दुसरा वारसा अगदी वेगळ्या घरातला. रिचर्ड गारफिल्ड हे गणिताचे अभ्यासक, आणि त्यांचा खेळ छापणारे पीटर ॲडकिसन हे रोल-प्लेइंग, म्हणजे काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायच्या खेळांच्या दुनियेतले. खेळप्रेमींच्या संमेलनात दोन मोठ्या खेळांच्या मधल्या वेळात पटकन खेळता येईल, सहज जवळ बाळगता येईल असं काहीतरी ॲडकिसन यांना हवं होतं. त्यातून 1993 साली ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा कार्डांचा खेळ आला. समोर गिऱ्हाईक होतं ते कॉलेजातलं किंवा नुकतंच नोकरीला लागलेलं. पण विक्रीची तऱ्हा घेतली ती पोरांच्या गमकार्डांची. आजचा बराचसा घोळ या सोयरिकीतूनच निघाला, असं मला वाटतं. मांडणी मोठ्यांची आणि आकर्षण लहानांचं. मग दाराशी पोरं जमणारच.

सुरुवातीच्या मॅजिकमध्ये एक नियम होता, तो आज ऐकून नवे खेळाडू चकित होतात. डाव सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपल्या डेकमधलं, म्हणजे खेळायला बांधलेल्या कार्डसंचातलं, एक कार्ड पणाला लावायचं, जिंकणाऱ्याने दोन्ही न्यायचे. कार्डं हातोहाती फिरती राहतील, असा त्यामागचा हेतू. पण हा तर सरळ जुगार, आणि कार्डाला किंमत येऊ लागल्यावर तो खेळाडूंनाही नकोसा झाला. स्पर्धांत हा नियम कधी रुजलाच नाही, 1995 नंतर त्यासाठीची नवी कार्डंही निघाली नाहीत. मुलांच्या दृष्टीने हा बदल मोठा होता. पण तो त्यांच्यासाठी झाला नव्हता. मोठ्यांना आपली महागडी कार्डं गमवायची नव्हती.

त्याच सुमाराला पालकांच्या बाजूने दुसरं काहूर उठलं. 1980 च्या दशकात अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या रोल-प्लेइंग खेळावर सैतानपूजेचा आळ आला होता, तोच आता मॅजिककडे वळला. कार्डांवर राक्षस होते, मंत्रतंत्र होते, एका कार्डावरच्या चित्रात पंचकोनी ताराही होता. कंपनीने 1995 च्या चौथ्या आवृत्तीत तो तारा पुसला, आणि ‘डीमन’ (राक्षस) हा प्राणीप्रकार नव्या कार्डांतून बाजूला ठेवला. तो परतला 2002 मध्ये. न्यूयॉर्क राज्यातल्या बेडफर्डमध्ये शाळा सुटल्यावर चालणाऱ्या मॅजिकच्या क्लबवरून काही कॅथलिक पालक 1996 मध्ये कोर्टात गेले. तक्रारींची यादी लांबलचक होती. मुलांकडून गणपतीच्या कागदी प्रतिमा करून घेतल्या, हेही तिच्यात होतं. 1999 मध्ये न्यायालयाने खेळाबद्दलचा आक्षेप फेटाळला आणि 2001 मध्ये अपिलातही पालकांच्या हाती काही लागलं नाही. या सगळ्यातून खेळाडूंनी मात्र आपल्यापुरता एक धडा घेतला: मूल आलं की पाठोपाठ पालक येतात, आणि पालक आले की चित्रं पुसली जातात. लहानांबद्दलच्या तुसडेपणाचं एक मूळ इथे आहे.

मग पोकेमॉन आला आणि पारडंच फिरलं. जपानमध्ये 1996 च्या ऑक्टोबरमध्ये निघालेली ही कार्डं 1999 च्या जानेवारीत इंग्रजीत आली. अमेरिकेत ती विकत होती मॅजिकचीच कंपनी, विझार्ड्स ऑफ द कोस्ट. वर्ष सरायच्या आत अमेरिका, ब्रिटन आणि इतर देशांतल्या कितीतरी शाळांनी कार्डांवर बंदी घातली. भांडणं, चोऱ्या, धाकदपटशा आणि मधल्या सुट्टीत धाकट्यांना गंडवून केलेले सौदे, ही कारणं सगळीकडे तीच. दुर्मीळ कार्डाच्या आशेने पाकिटं घ्यायला लावणं म्हणजे जुगारच, असा दावा कॅलिफोर्नियात त्याच वर्षी गुदरला गेला. अशा धर्तीच्या कार्डखटल्यांत अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने 2002 मध्ये निकाल दिला, की हवं ते कार्ड न निघाल्याची निराशा म्हणजे कायद्याला अभिप्रेत असलेलं मालमत्तेचं नुकसान नव्हे. सौदी अरेबियाने 2001 मध्ये पोकेमॉनवर बंदीच आणली. जुगाराचा आक्षेप तिथेही होता.

याच 1999 मध्ये हॅस्ब्रो या खेळणी कंपनीने विझार्ड्स विकत घेतली, सुमारे 32.5 कोटी डॉलरना. या भरभराटीत पोकेमॉनचा वाटा मोठा होता. म्हणजे ज्यांच्याकडे मॅजिकवाले नाक मुरडून बघत होते, त्या पोरांच्याच खाऊच्या पैशांवर त्यांची कंपनी गब्बर झाली होती. ही गोष्ट त्या टेबलांवर फारशी कुणी बोलून दाखवत नसे.

नाक मुरडण्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ‘पोर्टल’ या मालिकेत सापडतो. नवख्यांना मॅजिक शिकता यावा म्हणून 1997 मध्ये तिचा पहिला संच निघाला. नियम कमी केले, काही संज्ञा सोप्या केल्या, प्रतिस्पर्ध्याच्या पाळीत मध्येच टाकायची ‘इन्स्टंट’ कार्डं काढून टाकली. आणि अधिकृत स्पर्धांत ही कार्डं चालणार नाहीत असं ठरलं! मुलाने शिकावं, खर्च करून डेक बांधावा, आणि खऱ्या टेबलाशी गेल्यावर त्याला सांगावं की बाळा, तुझी कार्डं इथली नाहीत. लिंबूटिंबूला निदान खेळात तरी घेतात. पोर्टलच्या कार्डांना जुन्या कार्डांच्या स्पर्धाप्रकारांत प्रवेश मिळाला तो 2005 मध्ये, तोवर शिकायला आलेली ती पोरं कधीच मोठी होऊन गेली होती.

मॅजिकने मुलांसाठी काहीच केलं नाही असं नाही. 1996 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला पहिली प्रो टूर, म्हणजे मॅजिकची वरच्या दर्जाची स्पर्धा, भरली तेव्हा तिच्यात ज्युनियर गट होता. तो फार टिकला नाही. पुढे शिष्यवृत्त्या देणारी ज्युनियर सुपर सिरीज आली, तीही काही वर्षांनी गुंडाळली गेली. 2000 साली सुरू झालेलं ‘फ्रायडे नाइट मॅजिक’, म्हणजे दुकानांत शुक्रवारी रात्री भरणाऱ्या छोट्या स्पर्धा, मात्र टिकलं, आणि त्याने टेबलाची घडी पक्की केली: शुक्रवारची रात्र, कामावरून सुटलेली माणसं, उशिरापर्यंत चालणारे डाव, तोंडी येणारी मोकळीढाकळी भाषा. मुलांना मज्जाव करणारी पाटी लावायची गरजच नव्हती. वेळापत्रक ते काम करत होतं. खोक्यावर 13 वर्षांपुढची वयोमर्यादा छापलेली होतीच. त्यात अमेरिकेत 13 वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय ऑनलाइन गोळा करायला मनाई करणारा कायदा 2000 पासून लागू झाला. खेळाची नोंदणी जसजशी खात्यांवर आणि ॲपवर गेली तसतसा तो आकडा जास्तच घट्ट बसला.

जपानमध्ये वाट निराळी होती. तिथे कार्डं, कॉमिक मासिकं आणि टीव्हीवरच्या मालिका एकमेकांचा हात धरून चालतात. ‘कोरोकोरो’ या मुलांच्या मासिकात 1999 मध्ये ‘ड्युएल मास्टर्स’ ही मंगा (चित्रकथा) सुरू झाली, तिच्यातली पात्रं चक्क मॅजिक खेळत. पण मुलांना तो जड जात होता. तेव्हा विझार्ड्सने ताकारा कंपनीबरोबर 2002 मध्ये ‘ड्युएल मास्टर्स’ नावाचा स्वतंत्र खेळच काढला, आणि कथेतली पोरं तो खेळू लागली. मोठ्यांच्या टेबलाशी उंच खुर्ची लावण्यापेक्षा वेगळं टेबल मांडणं कंपनीला सोयीचं वाटलं. जपानमध्ये हे टेबल अजून मांडलेलं आहे; अमेरिकेत ते तीन वर्षांच्या आत उचलावं लागलं.

मुलांना खेळाडू म्हणून वागवण्याची नेटकी पद्धत बसवली ती पोकेमॉननेच. 2003 मध्ये कार्डांचा कारभार विझार्ड्सकडून पोकेमॉनच्या स्वतःच्या कंपनीकडे गेला, आणि 2004 च्या ऑर्लँडोतल्या जागतिक स्पर्धेत तीन वयोगट होते: दहा वर्षांपर्यंतचे, 11 ते 14 चे आणि 15 पासून पुढचे. नंतर या सीमा वर सरकल्या, पण रचना तीच राहिली. स्पर्धा घेणाऱ्या ‘प्रोफेसर’ मंडळींना परीक्षा द्यावी लागते, त्यांची पूर्वचारित्र्याची तपासणी होते. यु-गी-ओ या दुसऱ्या जपानी कार्डखेळानेही पुढे लहानांसाठी ‘ड्रॅगन ड्युएल’ नावाचा वेगळा गट ठेवला. वयोगट म्हणजे लहानांना दिलेली सवलत असं मोठ्या खेळाडूंना वाटतं. खरं तर त्याने मोठ्यांचीही सुटका केली. समोर आठ वर्षांचा प्रतिस्पर्धी असला की जिंकलं तरी लाज, हरलं तरी लाज. त्याने चुकून टाकलेलं कार्ड परत घेऊ द्यावं तर नियम मोडतो, न द्यावं तर डोळ्यांत पाणी येतं. ही कोंडी खिलाडूवृत्तीवर व्याख्यानं देऊन सुटत नाही. जोडी लावतानाच ती टाळावी लागते. छोट्या ठिकाणी मुलं पुरेशी नसतात, सगळे गट एकत्र खेळवावे लागतात, आणि मग नेमके हेच प्रसंग घडतात. या विषयावरच्या जवळपास सगळ्या तक्रारी तिथून येतात.

मात्र वयोगट फक्त डावापुरते. टेबलाच्या कडेला चालणाऱ्या अदलाबदलीत असा कुठलाच अडसर नसतो, आणि मुलांचं खरं नुकसान तिथे होतं. मुलाला चमकणारं, आवडत्या प्राण्याचं कार्ड हवं असतं. समोरच्याला बाजारभाव पाठ असतो. दोघेही राजीखुशीने सौदा करतात. हा सौदा न्याय्य आहे का, यावर खेळाडूंचं कधीच एकमत झालेलं नाही. ‘त्याला आवडलं, मला आवडलं, संपलं’ असं म्हणणारे आहेत. लहानाची कार्डांची फाइल उघडायचीच तर पालक शेजारी हवेत असं म्हणणारे आहेत, आणि बरेच आयोजक आता तसा आग्रह धरतात. मला दुसरी बाजू पटते, कारण पहिली बाजू घेणारा बहुधा भाव माहीत असणारा असतो.

हा भावच गेल्या काही वर्षांत बेफाम झाला. ‘पिकाचू इलस्ट्रेटर’ हे कार्ड 1997-98 मध्ये कोरोकोरो मासिकाच्या चित्रस्पर्धांचं बक्षीस होतं. त्याचा एक नमुना लोगन पॉल या यूट्यूबरने 52,75,000 डॉलरना घेतल्याचं 2022 मध्ये जाहीर झालं. त्याआधी 2020 च्या टाळेबंदीत लहानपणीची कार्डं शोधायला निघालेल्या मोठ्यांनी दुकानांतली फळ्या-कपाटं रिकामी केली होती. 2021 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या टार्गेट दुकानांनी, विस्कॉन्सिनमधल्या एका मारामारीनंतर, कार्डांची दुकानातली विक्री काही काळ थांबवली. 2025 च्या ऑगस्टमध्ये जपानमधल्या मॅकडोनाल्ड्सने मुलांच्या जेवणासोबत पोकेमॉन कार्डं दिली, तेव्हा फेरविक्री करणाऱ्यांनी ढिगाने जेवणं घेतली, कार्डं काढली आणि अन्न टाकून दिलं. कंपनीला माफी मागावी लागली.

1999 मध्ये शाळेने ज्यांची कार्डं जप्त केली होती, ती मुलं आज आई-बाप आहेत आणि स्वतःची पोरं घेऊन स्पर्धांना येतात. पालक आता बाहेर बाकावर बसत नाहीत, शेजारच्या टेबलाशी मास्टर्स, म्हणजे मोठ्यांच्या, गटात खेळतात. त्यामुळे वादाची भाषा बदलली आहे. राक्षसांबद्दल कुणी विचारत नाही. विचारतात ते असं, की मूल्यमापन करून प्लास्टिकच्या डबीत बंद होणारं कार्ड मुलाच्या हाती खेळायला द्यायचं का, सौद्याच्या वेळी मध्ये पडायचं का, आणि ज्युनियर गटात हरलेल्या आपल्या मुलाकडे जायला स्वतःचा चालू डाव सोडायचा का. या शेवटच्या प्रश्नावर पंचांना निर्णय द्यावा लागतो. डाव सोडला तर तो हरल्यात जमा होतो, मग कारण काहीही असो.