फेरेटमधील अधिवृक्क विकार

मूत्रपिंडांलगतच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी वाढून लैंगिक संप्रेरके अवाजवी स्रवू लागण्याचा पाळीव फेरेटांमधील रोग. नाशकात कोणी फेरेट खांद्यावर घेऊन निघाला की लोक ‘मुंगूस पाळलंय’ म्हणतात. मुंगसाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. फेरेट मात्र पाणमांजराच्या कुळातला, युरोपात माणसाळवलेला प्राणी.

रोगाचे मूळ बहुधा कोवळ्या वयातील नसबंदीत असते. एरवी बीजांडकोश वा वृषणांची संप्रेरके मेंदूला ‘आता पुरे’ असा निरोप देतात. ते अवयवच काढल्यावर निरोप थांबतो, मेंदूच्या तळाची पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथी लैंगिक ग्रंथींना चालना देणारे ल्युटिनायझिंग संप्रेरक सोडतच राहते आणि त्याला दाद देणाऱ्या अधिवृक्कातील पेशी फोफावतात. पुढे साधी किंवा कर्करोगाची गाठ होते. तरी मादीला नसबंदीविना ठेवणेही धोक्याचे. समागम न झाल्यास तिचा माज लांबतो आणि इस्ट्रोजेनमुळे अस्थिमज्जा निकामी होऊन ती पंडुरोगाने दगावू शकते.

उजेडाचाही यात हात मानतात. अंधारात स्रवणारे मेलॅटोनिन या साखळीला लगाम घालते. नाशिकचा सर्वांत मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आत संपतो. पण पिंजरा टीव्हीशेजारी असेल आणि ट्यूबलाइट रात्री साडेअकराला मालवत असेल, तर फेरेटचा दिवस बारमाही सतरा तासांचा.

साधारण तिसऱ्या वर्षानंतर शेपटी आणि पुठ्ठ्यावरचे केस दोन्ही बाजूंनी सारखेच जाऊ लागतात. सुरुवातीला ते थंडीत परत येतात, म्हणून मालक निर्धास्त राहतो, किंवा खरूज समजून मलम चोळत बसतो. नसबंदी झालेल्या मादीचे योनिद्वार सुजणे ही ठळक खूण. नरात प्रोस्टेट वाढून लघवी तुंबते. कुंथणाऱ्या नराला त्याच रात्री दवाखान्यात न्यावे.

कुत्र्यांच्या कुशिंग विकाराशी (त्यात अधिवृक्कातले कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते) याची गल्लत होते. येथे कॉर्टिसॉल सहसा वाढत नाही, त्यामुळे कॉर्टिसॉलची तपासणी फसवते. सोनोग्राफी आणि लैंगिक संप्रेरकांची रक्ततपासणी उपयोगी. कातडीखाली बसवलेली डेस्लोरेलिन या औषधाची बारीक कांडी (४.७ मिग्रॅ.) लक्षणे कित्येक महिने दाबते, गाठ जातेच असे नाही. शस्त्रक्रियेत डावी ग्रंथी तुलनेने सहज निघते. उजवी मात्र अधोमहाशिरेला (हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेला) चिकटलेली असते.

याच वयात स्वादुपिंडाचा इन्सुलिनोमाही (इन्सुलिन अवाजवी स्रवणारी गाठ) गाठतो. मागचे पाय लटपटणे, लाळ गळणे, शून्यात बघत राहणे हे रक्तातील साखर उतरल्याचे लक्षण, अधिवृक्काचे नव्हे. बेदाणे नाशिककरांच्या डब्यात असतातच आणि फेरेटला ते आवडतातही. पण हा निव्वळ मांसाहारी प्राणी, त्याला ते देऊ नयेत.